रात्री एकचं विमान आणि लासलगावची वाट : मुलांना शिकवायचा एक पाठ



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले होते. एका माजी विद्यार्थिनीच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, झोपल्या होत्या का? पोरीचं बंगळुरूचं विमान लेट झालंय. दहाला उतरणार होती, आता रात्री एक वाजता उतरती मुंबईला. कल्याणला मावशीकडं जाणार होती. एवढ्या रात्री कशी जाईल? आम्ही निघू का आता गाडी काढून?"

मी पटकन विचारलं, "गाडी कोण चालवणार?"

"मीच. दिवसभर मार्केटला होतो, पण जाईन."

म्हणजे पहाटे पाचला उठून कांद्याचा ट्रॅक्टर भरलेला, दुपारपर्यंत लिलावात उभा राहिलेला माणूस रात्री अकराला साधारण सव्वादोनशे किलोमीटर गाडी हाणत मुंबईला जाणार, आणि लगेच तेवढंच अंतर परत येणार. मी म्हटलं, "दादा, निघू नका. आधी तिला फोन लावू."

त्या रात्री काय झालं ते शेवटी सांगते. पण फोन ठेवल्यावर मला एक गोष्ट टोचत राहिली. या मुलीला मी तीन वर्षं शिकवलं होतं. वाहतुकीची साधनं, नकाशा, २४ तासांचं घड्याळ, सगळं. पण रात्री अनोळखी शहरात उतरल्यावर घरी कसं पोचायचं, हे मी तिला कधीच शिकवलं नव्हतं. आपण मुलींना एवढंच सांगतो, "रात्रीचं बाहेर पडायचं नाही." आणि मुलांना तर तेवढंही सांगत नाही. आता आपल्या गावातली मुलं नर्सिंगला, इंजिनिअरिंगला, नोकरीला लांब जातात. विमान रात्री उतरतं. मग "बाहेर पडू नको" हा सल्ला काय कामाचा?

म्हणून हा पाठ. आठवीपासून पुढच्या वर्गांना दोन तासिकांत घेता येतो. घरी जेवताना बोलता बोलताही घेता येईल.

१. आधी तारीख नीट वाचा

फळ्यावर लिहा : "१५ तारीख, ००:४०." मुलांना विचारा, विमानतळावर कधी जायचं? निम्मा वर्ग म्हणेल, "१५ तारखेला रात्री." चूक! ००:४० म्हणजे १४ तारखेची रात्र संपून १५ सुरू झाल्यानंतरची चाळीस मिनिटं. म्हणजे १४ ला रात्री जेवून निघायचं. १५ ला रात्री गेलं तर विमान आदल्या रात्रीच उडून गेलेलं असतं.

रेल्वेचंही तसंच. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीचं तिकीट नवीन तारखेचं असतं. विमान १४ ला रात्री ११ वाजता उतरणार आणि पुढची गाडी रात्री १ ची, तर गाडीचं आरक्षण १५ तारखेचं हवं. हे उदाहरण गणिताच्या तासाला घ्या, २४ तासांचं घड्याळ मुलं आयुष्यभर विसरणार नाहीत.

२. उतरणार कुठे?

"मुंबई विमानतळ" एवढं सांगून आता भागत नाही. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाची दोन टर्मिनल आहेत. टर्मिनल १ सांताक्रूझ-विलेपार्ल्याकडे आणि टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला सहारमध्ये. दोन्हींच्या मध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे. घ्यायला येणारा मामा एका टर्मिनलला आणि भाची दुसऱ्या टर्मिनलला, असा गोंधळ नेहमी होतो.

त्यात आता नवी मुंबईची भर पडली. उलव्याजवळच्या या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. तिकिटावर जुन्या विमानतळाची खूण 'बीओएम' आणि नव्याची 'एनएमआय' अशी तीन इंग्रजी अक्षरांत असते. नव्या विमानतळाजवळचं मोठं स्टेशन पनवेल. आपल्याला मात्र नाशिककडे यायला कल्याण, ठाणे किंवा दादर गाठावं लागतं. म्हणजे तिकीट काढतानाच पुढचा रस्ता ठरतो.

आणखी दोन पर्याय मुलांना नकाशावर दाखवा. नाशिकचं विमानतळ ओझरला आहे. नाशिक शहरापासून साधारण वीस किलोमीटर, आणि पिंपळगाव बसवंतमार्गे आपल्याला जवळचंच. शिर्डीचं विमानतळ कोपरगाव तालुक्यात काकडीला आहे, ते १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झालं. या दोन्ही ठिकाणी विमानं मोजकी, आणि कधीकधी तिकीट हजार-दोन हजारांनी महाग. पण मुंबईहून रात्रीची गाडी करायचा खर्च आणि धोका धरला तर ते महाग पडतं का? हा हिशेब मुलांना स्वतः करू द्या.

३. ठरवायचं ते दाराच्या आत

या पाठातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हे : निर्णय आत घ्यायचा, बाहेर नाही.

सामान घेतल्यावर लगेच बाहेर पळायची घाई करू नये. आत उजेड आहे, स्वच्छतागृह आहे, पिण्याचं पाणी आहे, सीआयएसएफचे जवान आहेत. एकदा बाहेर पडलं की पुढच्या विमानाच्या तिकिटाशिवाय परत आत घेत नाहीत. म्हणून आत बसूनच ही पाच कामं उरकायची :

- फोनची बॅटरी बघणे. कमी असेल तर तिथेच चार्ज करणे.
- घरी फोन करून "उतरले, अजून आतच आहे" असं सांगणे.
- जायचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून ठेवणे. फोन बंद पडला तर पत्ताही गेला, असं व्हायला नको.
- घरच्या दोन माणसांचे नंबर त्याच कागदावर लिहिणे. आजकाल मुलांना आईचा नंबरसुद्धा पाठ नसतो, विचारून बघा!
- थोडे रोख पैसे वेगळ्या खिशात काढून ठेवणे, म्हणजे रस्त्यात पाकीट उघडावं लागत नाही.

मग स्वतःला एक प्रश्न विचारायचा : आत्ताच निघायलाच हवं का? रात्री साधारण एक ते पहाटे चार या वेळात लोकल बंद असतात. मेट्रो तर त्याआधीच बंद होते. टर्मिनलला मेट्रोचं स्टेशन असलं तरी रात्री एकला त्याचा उपयोग नाही. तीन-चार तास खुर्चीत बसून काढले आणि उजाडताना निघालं, तर त्यात कमीपणा काहीच नाही.

४. गाडी कशी निवडायची?

बाहेर आल्यावर काही लोक जवळ येतात. "टॅक्सी? कुठं जायचंय? नाशिक? शिर्डी? एकच सीट राहिली!" नियम सोपा आहे. जो आपल्याकडे चालत येतो, त्याच्या गाडीत बसायचं नाही. आपण ज्याच्याकडे चालत जातो, ती गाडी घ्यायची. म्हणजे प्रीपेड टॅक्सीची खिडकी किंवा आपण स्वतः अ‍ॅपवर मागवलेली गाडी. प्रीपेडची पावती मुक्कामी पोचेपर्यंत आपल्याजवळ ठेवायची.

आता नंबरप्लेटचा रंग. हा भाग मुलांना फार आवडतो.

- पिवळी पाटी, काळी अक्षरं : भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना असलेली गाडी.
- पांढरी पाटी, काळी अक्षरं : खासगी गाडी. हिला भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. अपघात झाला तर विम्याचाही घोळ होतो.
- हिरवी पाटी, पिवळी अक्षरं : विजेवर चालणारी भाड्याची गाडी.
- हिरवी पाटी, पांढरी अक्षरं : विजेवर चालणारी खासगी गाडी.
- काळी पाटी, पिवळी अक्षरं : आपण स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली गाडी. अशी गाडी चालकासकट कोणी 'टॅक्सी' म्हणून पुढे केली तर बसू नये.

पाटीवरचा जिल्हाही वाचायला शिकवा. एमएच १५ आपलं नाशिक, ०१, ०२ आणि ०३ मुंबई, ०४ ठाणे, १२ पुणे, ४१ मालेगाव. वर्गाबाहेर उभं राहून दहा गाड्यांच्या पाट्या वाचायला लावा, पंधरा मिनिटांत पाठ होतं.

बसण्याआधी तीन गोष्टी जुळवायच्या : गाडीचा नंबर, चालकाचा चेहरा आणि नाव. अ‍ॅपवर एक आणि समोर दुसरीच गाडी, "ती बंद पडली, हिच्यात बसा" असं कोणी म्हटलं तर नाही म्हणायचं. चालकाला "तुम्ही अमुक का?" असं विचारायचं नाही, तो हो म्हणून मोकळा होईल. "कोणाच्या नावाने बुकिंग आहे?" असं विचारायचं. नाव त्याने सांगायचं. ओटीपी किंवा पिन त्यानंतर.

आणि गाडीत चालकाशिवाय दुसरा माणूस असेल, मग तो "भाऊ आहे, पुढच्या चौकात उतरेल" असला तरीही, बसायचं नाही.

५. गाडीत बसल्यावर

मागच्या सीटवर बसावं, पट्टा लावावा. दार आतून उघडतं का ते निघण्याआधीच बघावं, कारण मागच्या दारांना लहान मुलांसाठीचं कुलूप लावलेलं असू शकतं. प्रवासाची माहिती अ‍ॅपमधून घरच्या एका माणसाला पाठवावी. मग चालकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात घरी फोन करावा : "बसले गाडीत. नंबर पाठवलाय. पाऊण तासात पोचते." नकाशा आपल्या फोनवर लावून ठेवावा. रस्ता बदलला तर घाबरून न जाता विचारावं, "दादा, इकडून का?" बऱ्याचदा खरंच काम चालू असतं, वळवलेला रस्ता असतो. पण आपण रस्ता बघतोय, हे चालकाला कळलेलं बरं.

इथे एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. बहुतेक चालक आपल्यासारखेच कष्टाचे लोक आहेत. रात्रभर जागून ते दुसऱ्यांच्या लेकरांना घरी पोचवतात. सावध राहायचं, पण उर्मटपणे बोलायचं नाही.

पाठ करून घ्यायचे नंबर : ११२ कुठूनही तातडीच्या मदतीसाठी, १०३ मुंबईत महिला, मुलं आणि ज्येष्ठांसाठी, १३९ रेल्वेत. फोनमध्ये तातडीच्या मदतीची सोय कशी चालू करायची, ते प्रत्येक मुलाने स्वतःच्या घरच्या फोनच्या सेटिंगमध्ये शोधून यावं. हा त्या दिवसाचा गृहपाठ.

६. भाड्याचं गणित

१ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे असं ठरलं. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ पर्यंत त्यावर २५ टक्के जास्त.

समजा १४ किलोमीटर जायचंय. पहिले दीड किलोमीटर ३१ रुपये. उरले साडेबारा. १२.५ × २०.६६ = २५८.२५. एकूण २८९.२५. रात्रीचे २५ टक्के धरून साधारण ३६२ रुपये. प्रीपेडचे आणि अ‍ॅपचे दर वेगळे असतात, थोडे जास्तही असतील. पण आकडा डोक्यात असला की "दोन हजार होतील" म्हणणाऱ्याला आपण हसून नाही म्हणू शकतो. दर पुढे बदलतील, रीत मात्र हीच. आणि एक, मुंबईत रिक्षा फक्त उपनगरात चालतात. वांद्रे आणि शीवच्या पलीकडे दादरकडे रिक्षा जात नाही, तेव्हा "दादरपर्यंत सोडतो" म्हणणाऱ्या रिक्षात बसू नये.

७. मुंबई ते लासलगाव : खरा धोका कुठे आहे?

आपल्याला भीती वाटते ती अनोळखी माणसाची. पण आपल्यासारख्या लांबच्या गावांसाठी दुसरा एक धोका आहे, तो म्हणजे झोप.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरचे असेच रात्री मुंबईला भावाला आणायला गेले होते. येताना कसारा घाट सुखरूप चढले. घोटीच्या पुढे सरळ रस्ता लागला आणि काकांचा डोळा लागला. गाडी दुभाजकावर चढली. जीव वाचले, पण काकांचा पाय कायमचा अधू झाला. चोर नव्हता, दरोडेखोर नव्हता. घरचाच माणूस, घरचीच गाडी, आणि प्रेमापोटी केलेली घाई.

रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात माणसाचं शरीर झोप मागतंच. चहा पिऊन, खिडकी उघडून, गाणी लावून ती जात नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. रस्ता चांगला झाला, वेळ वाचला. पण रस्ता सरळ आणि मोकळा असला की झोप आणखी लवकर येते.

म्हणून आमच्या वर्गात आम्ही एक नियम केलाय : मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरलं तर त्याच रात्री लासलगाव गाठायचं नाही. जवळच्या नातेवाइकाकडे जायचं, नाहीतर टर्मिनलमध्येच बसायचं. उजाडल्यावर दादर, ठाणे किंवा कल्याणहून रेल्वेने नाशिकरोड गाठायचं. घरच्यांनी घ्यायला यायचं ते तिथे, झोप पूर्ण करून.

८. दोन घटना, आणि एक सावधगिरी

जानेवारी २०१४ मध्ये सुट्टीहून परतलेली एक तरुण संगणक अभियंता पहाटे कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरली आणि खोलीवर पोचलीच नाही. पुढे तिचा मृतदेह सापडला. ज्याला फाशीची शिक्षा झाली होती, त्याला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पुरावे पुरेसे नाहीत म्हणून निर्दोष सोडलं. त्या पहाटे नेमकं काय घडलं, ते आजही सिद्ध झालेलं नाही.

दुसरी घटना पुण्याची. १ नोव्हेंबर २००७ ची रात्र. रात्रपाळीला निघालेली तरुणी कंपनीने ठरवलेल्या गाडीत बसली. गाडीत चालकाबरोबर त्याचा साथीदार होता. दोघांनी तिचा खून केला, दोघेही दोषी ठरले. चालकाशिवाय दुसरा माणूस असेल तर बसायचं नाही, हा नियम यातूनच शिकायचा.

पण शिक्षक म्हणून एक काळजी घ्या. या घटना सांगताना "तिने असं करायला नको होतं" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. दुसरी मुलगी तर कंपनीच्या गाडीतच बसली होती, तिने कोणता नियम मोडला? दोष गुन्हा करणाऱ्याचा. नियम आपण शिकतो ते धोका कमी करायला. जिच्यावर प्रसंग आला तिला नावं ठेवायला नाही. वर्गात बसलेली एखादी मुलगी हे ऐकत असते. उद्या तिच्यावर वेळ आली तर ती आपल्याला सांगेल की लपवेल, हे आपण आज काय बोलतो त्यावर ठरतं.

९. पालकांसाठी दोन शब्द

मुलं रात्री चुकीची गाडी का पकडतात? पुष्कळदा घरच्या भीतीने. "एवढा उशीर का? आधीच्या विमानाने का नाही आलीस? पुन्हा पाठवणारच नाही!" हे ऐकावं लागू नये म्हणून मुलगी विमान लेट झाल्याचं सांगत नाही आणि मिळेल त्या गाडीत बसते. तेव्हा घरात आधीच सांगून ठेवा : "कितीही वाजले तरी फोन कर. रागावणार नाही. जास्तीचे पैसे लागले तर लागू दे." आणि मग खरंच रागावू नका.

घरात एक परवलीचा शब्दही ठरवा. आमच्याकडे एका घराने 'आजीचा चष्मा' ठरवलाय. मुलीने फोनवर "आजीचा चष्मा सापडला का?" विचारलं, की घरच्यांनी समजायचं, अडचण आहे, उघडपणे बोलता येत नाही. मग फोन न ठेवता दुसऱ्या फोनवरून ११२ लावायचा.

वर्गात घ्यायचे उपक्रम

१. नाट्यीकरण : एक मुलगा एजंट, एक मुलगी प्रवासी. एजंटने वेगवेगळ्या थापा मारायच्या, प्रवाशाने न भांडता "नको, माझी गाडी ठरलीय" एवढंच म्हणून चालत राहायचं. नंतर भूमिका बदला. मुलांनाही हे म्हणायची सवय लागली पाहिजे, लुबाडले तेही जातात.
२. प्रत्येकाने एका कागदावर दोन नंबर आणि घरचा पत्ता न बघता लिहायचा.
३. विमान २३:५० ला उतरलं, सामान मिळायला ४० मिनिटं लागली. घड्याळात किती वाजले, तारीख कोणती?
४. वरच्या दराने २० किलोमीटरचं दिवसाचं आणि रात्रीचं भाडं काढा.
५. घरच्या गाडीच्या नंबरप्लेटचा रंग कोणता, आणि का?

आता ती रात्र. आम्ही तिला फोन लावला तेव्हा ती बंगळुरूलाच होती. रडकुंडीला आली होती, विमान लेट झालं म्हणून नाही, "पप्पा चिडतील" म्हणून. वडिलांनी फोन घेतला आणि एवढंच म्हणाले, "बाळा, घाई करू नको. बस आरामात." ती एकला उतरली, आतच बसून राहिली, दर तासाला एक मेसेज टाकत राहिली. साडेपाचला प्रीपेड टॅक्सीने दादरला गेली, तिथून रेल्वेने नाशिकरोडला आली. वडील चार-पाच तास झोपून, अंघोळ करून स्टेशनवर उभे होते.

दुपारी तिचा मला फोन आला. "मॅडम, काही विशेष झालंच नाही हो. नुसती बसून होते."

बाई गं, तेच तर हवं होतं.